वजनाचा रिकामा रकाना

तिला सगळे दशांशबाई म्हणत. नाव मीच ठेवलं होतं. एकदा बैठकीत मोठे साहेब म्हणाले, "साधारण पाच टक्के," तर ही मागच्या खुर्चीवरून म्हणाली, "चार पूर्णांक सहा." साहेब म्हणाले, "एकच ते." ही म्हणाली, "एकच कसं? चार हजारांत सोळा माणसं होतात ती." साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा विषय घेतला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नमस्कार दशांशबाई." ते जे चिकटलं ते चिकटलंच.

आता ती नाही. आमच्या इस्पितळात तिच्याबद्दल जे बोलतात ते ऐकून माझं डोकं फिरतं. ज्यांना सरासरी आणि टक्केवारी यातला फरक कळत नाही, ते तोंड वर करून सांगतात की बाईनं घोळ घातला. घातला, नाही कोण म्हणतंय? पण कसा घातला आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे माहीत असलेला मी एकटाच उरलोय. म्हणून सांगायला बसलो.

मी रेकॉर्डवाला. इस्पितळात सत्तावीस वर्षं काढली, त्यातली तेवीस तिच्यासमोरच्या टेबलावर. आमची खोली जिन्याखाली, धुलाईघराला लागून. भिंत कायम गरम असायची, तिच्यावर लावलेलं कॅलेंडर महिना संपायच्या आत वाकडं व्हायचं. दोन टेबलं, एक कपाट, आणि थोबाडीत मारल्याशिवाय कागद न सोडणारा एक प्रिंटर. थोबाडीत मारायचं काम माझं. बाईनं त्याला कधी हात लावला नाही, म्हणायची, "यंत्राला मारून काय शिकणार ते?"

टायपिस्ट म्हणून आली होती. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, तो तरुणपणीच गेला. पदरी एक लेक, सहा वर्षांची. शाळा सुटली की ती पोर आमच्या खोलीत यायची, कागदाच्या खोक्यावर बसून गृहपाठ करायची आणि मला काका म्हणायची. माझ्या टाचणीच्या डबीतल्या टाचण्या रंगावारी लावून ठेवायची. आईचेच गुण. माझ्या अंगाखांद्यावर खेळली असं म्हणणार नाही, पण माझ्या डोळ्यांदेखत वाढली.

तेव्हा आमच्याकडे आकडेमोडीचं एक विकतचं सॉफ्टवेअर होतं. त्याची मुदत संपली. वरून उत्तर आलं, नूतनीकरणाची गरज वाटत नाही, कॅल्क्युलेटर वापरावा. आठ इस्पितळांची बाळंतपणं कॅल्क्युलेटरवर! मी दोन दिवस शिव्या घातल्या. बाईनं शिव्या घातल्या नाहीत, तिनं संगणकाची एक मोफत भाषा शोधून काढली. संख्याशास्त्राच्या कामासाठीच लिहिलेली, ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून वाढवलेली. मी म्हटलं, "फुकट आहे ना, मग काहीतरी गोम असणार." ती म्हणाली, "फुकट हा मुद्दाच नाही हो. उघडी आहे. कोणीही आत शिरून बघावं आणि कुठे चुकलंय ते सांगावं." चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईनं ती भाषा शिकायला घेतली. जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात छापून घेतलेली पानं. पेन्सिल अंबाड्यात खोचलेली असायची आणि ही टेबलभर शोधायची.

दोन वर्षांनी तिनं स्वतःचं पॅकेज लिहिलं. पॅकेज म्हणजे त्या भाषेत लिहिलेलं तयार अवजार, एकानं करायचं आणि सगळ्यांनी वापरायचं. त्याचं नाव तिनं ठेवलं 'ठिपका'. काम साधं होतं. दर महिन्याला प्रत्येक इस्पितळात किती बाळं जन्मली, त्यांची वजनं काय होती आणि किती दगावली, हे त्यात घालायचं. कमी वजनाची बाळं जास्त दगावतात, म्हणून वजन बघूनच हिशेब, नाहीतर नाजूक बाळं घेणारं इस्पितळ उगाच बदनाम व्हायचं. शेवटी कागदावर एक आडवी रेषा आणि प्रत्येक इस्पितळाचा एक ठिपका. ठिपका सलग दोन महिने रेषेच्या वर गेला की तपासणीचं पथक जायचं. ते पथक आधी काय बघायचं, तर जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देतात ती रबरी पिशवी. ती दाबून, कान लावून बघायचं. मग बाकीचं.

बाईनं 'ठिपका' सगळ्यांसाठी खुला ठेवला. अशा पॅकेजांचं एक मोठं कोठार असतं, तिथून कोणीही उतरवून घ्यावं. आधी आमची आठ इस्पितळं, मग चाळीसेक, मग अशी अशी गावं की ज्यांची नावं आम्हाला धड उच्चारता येईनात. "घरचं झालं थोडं," मी म्हणायचो. ती हसायची. त्या दिवसांत ती खूप हसायची.

आता यातली एक रीत समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. प्रत्येक पॅकेजासोबत एक बातम्यांची फाइल असते. नवी आवृत्ती काढली की त्यात सगळ्यात वर लिहायचं, काय बदललं, काय चुकलं होतं, आणि चूक कोणी दाखवली किंवा सुधारणा कोणी सुचवली त्याचं नाव घालून आभार मानायचे. जुनी बातमी खोडायची नाही. चूक कितीही लाजिरवाणी असो, ती तिथे राहणार. बाई या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसे. एकदा तिनं एका स्वल्पविरामाची बातमी दिली होती. माझं नाव आयुष्यात दोनदा छापून आलं, एकदा लग्नाच्या पत्रिकेत आणि एकदा त्या फाइलीत. तेव्हा मला केवढी मजा वाटली होती, घरी बायकोला नेऊन दाखवलं.

ते कशासाठी आलं ते सांगतो. त्या भाषेची एक जुनी खोड आहे. एखाद्या ओळीत हवी ती माहिती नसेल तर ती ती ओळ गुपचूप गाळते आणि उरलेल्यांचा हिशेब करते. एक ओळ म्हणजे एक बाळ. वजनाचा रकाना रिकामा असला की ते बाळ हिशेबातून बाहेर. बाईला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तिनं आत लिहून ठेवलं होतं की गाळायचंच असेल तर ओरडून गाळ. त्यामुळे पडद्यावर लाल अक्षरांत यायचं: वजन नसल्यामुळे तीन ओळी गाळल्या.

लोकांना लाल अक्षर दिसलं की घाम फुटतो. इस्पितळाइस्पितळातून कारकुनांचे फोन येऊ लागले, बाई, यंत्र बिघडलं. बाई, मी काही केलं नाही. आणि ती माहिती भरणारा सगळ्यात जुना कारकून कोण, तर मी. महिनाअखेरीला आठही इस्पितळांचे तक्ते माझ्या टेबलावर यायचे आणि मी ते चढवायचो. कुठल्यातरी आळशी नर्सनं वजनाच्या जागी आडवी रेघ मारलेली असायची, मी रकाना रिकामा सोडायचो, आणि मग ती लाल ओळ माझ्या डोळ्यांसमोर नाचायची. शेवटी एके दिवशी मी वैतागून म्हटलं, "बाई, ती लाल अक्षरं बंद करा हो. महिन्याला दोन-तीन ओळींसाठी आमचा जीव का खाताय?"

ती म्हणाली, "तो इशारा आहे."

मी म्हटलं, "रोज ओरडणाऱ्याकडे कोण लक्ष देतं? तुमच्या त्या लाल अक्षरांना लोक इतके सरावतील की खरंच आग लागली तरी कोणी उठणार नाही."

मला स्वतःलाच हे वाक्य फार आवडलं होतं. तिलाही पटलं. तिनं मागचे तक्ते काढून बघितले, खरोखरच शेकड्यात एखादी ओळ, कुठेही, कोणाचीही. तिनं इशारा बंद केला. बातम्यांच्या फाइलीत लिहिलं: 'आवृत्ती १.४. वजन नसलेल्या ओळींचा लाल इशारा बंद केला. सूचनेबद्दल आभार.' पुढे माझं नाव, आडनावासकट.

फोन थांबले. माझा जीव भांड्यात पडला.

मधली काही वर्षं मी गाळतो, कारण त्यात ठिपके रेषेखाली होते आणि आम्ही खुशीत होतो. बाईची लेक शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. मग तिला दिवस गेले. तिच्या घरापासून दोन इस्पितळं सारख्याच अंतरावर, एक आमचं आणि एक नदीपलीकडचं, आमच्या आठांतलंच. आमचं जुनं, गर्दीचं, आमचा ठिपका नेहमी रेषेला डोकं टेकून. नदीपलीकडच्याचा ठिपका मात्र गेले कित्येक महिने खाली, अगदी शहाण्या मुलासारखा. लेकीनं विचारलं, "आई, कुठे नाव घालू?" आम्ही दोघं खोलीतच होतो. बाईनं कागद काढून तिच्यासमोर धरला. म्हणाली, "पलीकडे जा. माझा ठिपका खोटं बोलत नाही."

बाळ पूर्ण दिवसांचं होतं. मुलगी. रडली नाही. अकरा मिनिटं प्रयत्न केले म्हणे, मग कापडात गुंडाळून आजीच्या मांडीवर दिली. बाई पंधरा दिवसांनी कामावर आली, पेन्सिल अंबाड्यात खोचली आणि काम करू लागली. एकदाच म्हणाली, "तिथे त्याच दिवशी अजून दोघीजणी तशाच होत्या, भाऊ. हात रिकामे." मी म्हटलं, नशीब. दुसरं काय म्हणणार?

यानंतर चार वर्षांनी, बाईला निवृत्त व्हायला पाच महिने राहिले असताना, ते पत्र आलं. पत्र म्हणजे ईमेल, त्या कोठाराकडून, आपोआप पाठवलेलं. त्या भाषेची नवी आवृत्ती निघाली आहे, काही जुन्या गोष्टी बदलल्या आहेत, तुमचं पॅकेज तिच्यात चालत नाही, दोन आठवड्यांत दुरुस्त करा नाहीतर कोठारातून काढून टाकू. खाली कोणाची सही नाही. मी म्हटलं, "बघा, एवढी वर्षं फुकट राबलात, त्याचं हे बक्षीस." ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. नादुरुस्त वस्तू दुकानात ठेवू नये." आणि जुना कोड उघडून बसली.

दुरुस्ती केल्यावर ती तपासायला असा एक महिना लागतो ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. बाईनं कुठला महिना घ्यावा? नात गेली तोच, जो तिनं चार वर्षांत एकदाही उघडला नव्हता. मला वाटतं, लेकीला पुन्हा सातवा महिना होता म्हणून तिच्या मनात ते घोळत असणार. मी डबा उघडला होता. ती म्हणाली, "भाऊ, जरा इकडे या."

नदीपलीकडचं इस्पितळ, तो महिना. दगावलेली बाळं: एक.

"एक कसं?" ती म्हणाली. "एका दिवसात तीन मी डोळ्यांनी बघितली. त्यातलं एक माझ्या मांडीवर होतं."

मी म्हटलं, "तक्ता चुकला असेल."

तिनं कोडमध्ये खाली जाऊन इशारा बंद करणारी ती ओळ शोधली आणि काढून टाकली. पुन्हा चालवलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: वजन नसल्यामुळे चार ओळी गाळल्या.

मी डब्याचं झाकण लावलं. मला त्या क्षणी सगळं कळलं असं नाही, मी काही तिच्याइतका हुशार नाही. तिलाच मला समजवावं लागलं, आणि तिनं ते अगदी हळू आवाजात समजावलं. जन्मल्याबरोबर जे बाळ श्वास घेत नाही, त्याला आधी टेबलावर घेतात. वजनाचा काटा दुसऱ्या कोपऱ्यात. जे बाळ टेबलावरच जातं ते काट्यापर्यंत पोचत नाही. नर्स वजनाच्या जागी आडवी रेघ मारते. आळशी नर्स नव्हे हो, रडणारी नर्स. मी ती रेघ बघून रकाना रिकामा सोडतो. भाषा ती ओळ गाळते. म्हणजे जी बाळं सगळ्यात लवकर गेली, तीच नेमकी मोजली गेली नाहीत. मृत्यूंचं वेगळं रजिस्टर होतं, ते दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या टेबलाकडे जायचं, आणि ती दोन रजिस्टरं कधी समोरासमोर आलीच नाहीत.

नदीपलीकडे त्या काळात श्वास द्यायच्या पिशवीची झडप फाटलेली होती. दाबली की हवा बाजूनं निघून जायची. चौदा महिने. पुढे एका नव्या नर्सच्या लक्षात आलं, तिनं गुपचूप बदलून घेतली, आणि ते प्रकरण तिथेच मिटलं होतं. आम्हाला हे उडत उडत कळलं होतं, पण आकड्यात काही दिसत नव्हतं, म्हणून आम्ही म्हटलं, झालं नसेल काही फार.

बाईनं त्या दुपारी चौदा महिने परत मोजले. गाळलेल्या ओळी एकतीस. ठिपका तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात रेषेच्या वर होता, चांगला वीतभर. लेकीचं बाळंतपण त्या चौदांतल्या नवव्या महिन्यातलं. म्हणजे पथक पाच महिने आधी गेलं असतं, आणि पथक आधी पिशवी दाबून बघतं.

तिनं पेन्सिल टेबलावर ठेवली. "मीच तिला पाठवलं," ती म्हणाली. "कागद दाखवून पाठवलं." धुलाईघराचं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब घाबरले, पण प्रेमानं बोलले. दुरुस्ती करा, बातमीत लिहा 'किरकोळ सुधारणा', पाच महिन्यांनी सन्मानानं घरी जा. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. एकतीस घरांच्या जखमा उघडून कोणाचं भलं होणार आहे?"

ती खोलीत येऊन मला हे सांगत होती, आणि मीही साहेबांचीच री ओढली. म्हटलं, साहेब बरोबर बोलतायत. लेकीला सातवा महिना आहे, तिच्या जिवाला घोर कशाला लावता? लेकीची काळजी होतीच मला. पण खाई त्याला खवखवे. मला खरी भीती आवृत्ती एक पूर्णांक चारची वाटत होती. शेवटी मी म्हणालोच, "लिहायचंच असेल तर ते जुनं माझं नाव तेवढं काढून टाका."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "जुनी बातमी खोडत नाहीत, भाऊ," एवढंच म्हणाली.

गुरुवारी दुपारी लेक स्वतःच आली. धापा टाकत, हातात फळांची पिशवी. मला म्हणाली, "काका, प्रिंटरला अजून मारता का?" आणि कागदाच्या खोक्यावर बसायला गेली, मग स्वतःच्या पोटाकडे बघून हसली आणि खुर्ची घेतली. म्हणाली, "आई, या वेळी कुठे नाव घालू? काय म्हणतो तुझा ठिपका?"

बाईनं खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून, काही न वगळता, आकड्यांसकट. लेकीच्या हातातली पिशवी तशीच होती.

मग तिनं विचारलं, "म्हणजे माझ्या बाळाची ओळ गाळली?"

"हो."

"आणि तिच्याआधीच्यांची?"

"हो. पाच महिने आधी कळायला हवं होतं."

"मग तो इशारा बंद कोणी केला?"

"मी," बाई म्हणाली.

मी समोरच्या टेबलावर होतो. चार हातांवर. माझ्यासमोर रजिस्टर उघडं होतं आणि मी त्यात बघत होतो. त्या पानावर काय होतं ते मला आजही सांगता येईल, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, बावीस. 'मी सांगितलं होतं तिला, तिला नको होतं', एवढे दोन-चार शब्द बोलायचे होते. मी मूग गिळून बसलो.

लेक उठली. आईला म्हणाली, "चार वर्षं मी माझ्या अंगातच काहीतरी खोट आहे असं समजत होते." आणि निघून गेली. फळांची पिशवी खुर्चीवर राहिली. बाई तिच्यामागे जिन्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

ती परत आली तेव्हा मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?" मला वाटतं, मला तिनं शिव्या द्याव्यात असं वाटत होतं.

ती म्हणाली, "सूचना तुमची, पण ओळ माझ्या हातची. सूचना करणाऱ्याला दोष द्यायला लागलो तर उद्या कोणी तोंड उघडणार नाही." आणि संगणकाकडे वळली.

त्या आठवड्यात तिनं नवी आवृत्ती काढली. बातमी पाच ओळींची. 'आवृत्ती २.०. वजन नसलेल्या ओळी आता गाळल्या जात नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा दाखवला जातो. आवृत्ती १.४ पासून या ओळी कोणालाही न कळवता गाळल्या जात होत्या. त्यामुळे एका इस्पितळात चौदा महिन्यांत एकतीस बाळांचे मृत्यू मोजले गेले नाहीत आणि तपासणी झाली नाही. चूक माझी आहे. ज्यांनी हे पॅकेज वापरलं त्यांनी आपले जुने महिने परत मोजावेत.'

रीतीप्रमाणे शेवटी आभार हवे होते, चूक ज्यानं दाखवली त्याचे. मग तिनं लिहिलं: 'चूक दाखवून दिल्याबद्दल वजन न केलेल्या एका मुलीचे आभार.' मी उठून पाणी प्यायला बाहेर गेलो.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. चौकशी बसली. तीन माणसं आली, त्यांनी बाईला दोन दिवस प्रश्न विचारले, तिनं दोन दिवस एकच उत्तर दिलं. मलाही बोलावलं होतं. विचारलं, तुम्ही काय काम करता? मी म्हटलं, तक्ते भरतो. तेवढ्यावर सोडलं. आमच्या इस्पितळांनी 'ठिपका' बंद केला. काही दूरच्या लोकांनी मात्र खरंच जुने महिने परत मोजले, दोन ठिकाणी त्यांना ठिपके रेषेच्या वर सापडले, त्यांनी तिला तसं कळवलं. तिनं ती पत्रं छापून टेबलाच्या खणात ठेवली. निवृत्तीच्या दिवशी समारंभ झाला नाही. मी चहा सांगितला, तिनं अर्धा प्यायला.

लेकीला मुलगा झाला, तिसऱ्याच गावी, सासरच्या माणसांत. आईला कोणा शेजारणीकडून कळलं. बाईनं फोन केले, पलीकडून उचलले गेले नाहीत. दोनदा ती स्वतः गेली, दाराशी जावयानं बोलून परत पाठवलं. मी तिच्याकडे जायचो अधूनमधून. ती म्हणायची, "तिचं बरोबर आहे." मी दर वेळी घरून निघताना ठरवायचो की आज लेकीला जाऊन सांगायचं. तिचं घर वाटेतच होतं. अकरा महिने मी त्या वाटेनं गेलो आणि आलो.

अकराव्या महिन्यात बाई गेली. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली, दार उघडलं नाही. लेक आली, सगळं होईपर्यंत उभी राहिली, रडली नाही.

महिन्याभरानं ती आमच्या खोलीत आली, आईचा खण रिकामा करायला. पोर कडेवर. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. खणात पेन्सिली होत्या, चष्म्याची डबी, ती छापलेली पत्रं. आयुष्यभर रकाने भरलेला माणूस, तोंडातून तेच निघालं. "जन्मताना वजन किती होतं गं याचं?"

"दोन पूर्णांक आठ सात," ती म्हणाली.

मग मी म्हटलं, "पोरी, तुला एक सांगायचं होतं. त्या दिवशी तू विचारलंस, इशारा कोणी बंद केला..."

"आवृत्ती एक पूर्णांक चार," ती म्हणाली. तिनं पत्रांचा गठ्ठा सारखा केला आणि पिशवीत घातला. "आई गेल्यावर वाचली ती फाइल. अगदी खालपासून. मला वाटायचं तिनं एकटीनंच, स्वतःच्या मनानं केलं. त्याच रागात वर्षभर तिचा फोन उचलला नाही मी, काका. तुम्ही समोर बसला होतात."

मी मान खाली घातली. समोर रजिस्टरच होतं.

"तेव्हा बोलला असतात, तर मी थोडी तुमच्यावर रागावले असते, थोडी तिच्यावर. तेवढं झेपलं असतं मला," ती म्हणाली. पोरानं माझ्या टेबलावरची टाचण्यांची डबी ओढली, तिनं ती त्याच्या हातातून सोडवून परत जागेवर ठेवली. दारापर्यंत जाऊन थांबली. "तुमचे आभार आहेत तिथे. ते आता खोडता येत नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "जुनी बातमी खोडत नाहीत."

ती मान हलवून जिन्याकडे वळली. मी रजिस्टर पुढे ओढलं. नदीपलीकडचा तक्ता भरायचा होता, त्यात एका ओळीत वजनाच्या जागी आडवी रेघ होती.